तोंडाले दुपट्टा बांधलेला ड्रमर

प्रिय प्रीतम,

आपल्या ‘बोंबाबोंब’ले यंदा तेवीस वर्षं झाली. प्रतापनगरच्या गच्चीवर आपण बहीणभावानं काढलेला हा पंक बँड, गाणी सारी सरकारले जाब विचारणारी. तू सरकारी नोकरीत लागला अन् ड्रम सोडले. मग नऊ ड्रमर आले, गेले. एकाचं लग्न झालं, एकाले निवडणुकीचं तिकीट पाहिजे होतं. मी गातच राहिली.

सोमवारी नळाच्या पाण्यासाठी तुझ्याच ऑफिससमोर गाणी घेऊन उभे राहिलो, तर दहावा ड्रमर आलाच नाही. लोक पांगायले लागले. तेवढ्यात तोंडाले दुपट्टा बांधलेला एक माणूस ड्रमवर येऊन बसला. तिसऱ्या ठोक्याले घाई करण्याची सवय एकाचीच.

“काहून गा, नोकरी जाईल ना!” मी कानात म्हटलं.

“ताई, जेवणाची सुट्टी आहे. तू गाणं म्हण.”

आता तुझे साहेब विचारून राहिले, ड्रमवर कोण होता? मी म्हटलं, “आमच्यात ड्रमर टिकत नाहीत, नावं कुठवर लक्षात ठेवू?” म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही, साहेबांच्या हाती लागायले नको.

पण ऐक, आज नळ आले. पहिली बादली भरली अन् मी अंगणात एकटीच नाचली.

तुझीच,
नंदिनीताई