वाळूची अक्कल

१५ नोव्हेंबर, शनि.
लहबाबचं वाळवंट. सीझनची पहिली वाळू. आपल्या मराठी ग्रुपच्या सहा गाड्या, पुढे नेहमीप्रमाणे माझी म्हातारी गाडी. टायरची हवा निम्मी काढली, लिव्हर ओढून फोर-हायला, म्हणजे चारही चाकांवर टाकला, काचा बंद, यल्ला, चला. काचा बंद हा माझा नियम आहे, नाहीतर डब्यातल्या पिठल्यात वाळू. अनंत मागच्या सीटवर थर्मास पोटाशी धरून डोळे मिटून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याचा माझ्या ड्रायव्हिंगवर काडीचा विश्वास नाही.

देशमुखांची नवी कोरी फुल-टाइमवाली, चारही चाकं कायम ओढणारी, पहिल्याच टेकाडाला रुतली. "वहिनी, हिच्यात लिव्हरच नाहीये, सगळं गाडी ठरवते." म्हटलं, मग तिलाच विचारा कसं बाहेर यायचं ते. शेवटी मीच ओढली.

परतताना केतकीचा मेसेज, थेट कॅनडाहून. मोठी एसयूव्ही घेतेय. "आई, पार्ट-टाइम ऑर फुल-टाइम? फॉर स्नो." गेल्यापासून लेकीने मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं. करामातलं घर येईपर्यंत गुणगुणत होते.

१६ नोव्हें.
के.शी फोन. फिजिओचं काम, तीन गावांतल्या दवाखान्यांत फिरायचं, मधे नुसता मोकळा हायवे आणि बर्फ. त्याच भागात दोन वर्षं काढली तरच तिथे कायमचं राहायचे कागद मिळणार. म्हणून गाडी हवीच.

मी सांगून टाकलं, पार्ट-टाइम घे. एरवी दोन चाकांवर पळते, गरज पडली की लिव्हर ओढ, चारही चाकं जोर लावतात. केव्हा ओढायचा ते आपण ठरवायचं, गाडीने नाही. वाळू काय, बर्फ काय, दोन्ही पायाखालून सरकणारच.

अनंत बाजूने, "अगं, तिथे रस्ता अर्धा कोरडा नि अर्धा निसरडा. पार्ट-टाइमची पुढची-मागची चाकं एकमेकांना जखडतात, वळणावर गाडी अडते. फुल-टाइम बरी." शिवाय म्हणे बर्फात रुतलं की आधी मागचा धुराचा पाइप मोकळा करायचा. तो बुजला तर धूर आत येतो, माणूस बसल्या जागी जातो. सगळं व्हिडिओ बघून. म्हटलं, वाळूत कधी स्टिअरिंगला हात लावला नाहीस, आलाय मोठा बर्फ शिकवायला.

के. हसली. "ओके आई, पार्ट-टाइम."

२५ नोव्हें.
अनंतच्या कंपनीत त्याचा अख्खा विभाग बंद. मार्चअखेर खलास. आखातात नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की फ्लॅट. जेवताना एकदम सांगितलं, वरणाचं भांडं पुढे सरकवता सरकवता. मी वाढत राहिले.

के. इथल्याच हॉस्पिटलात जन्मली, इथेच शाळा, कॉलेज. तरी राहायची ती बापाच्या व्हिसावर. आता बापालाच जागा नाही.
तिला इतक्यात सांगायचं नाही असं ठरलं.

२९ नोव्हें.
के.ने घेण्याआधी चालवून बघायला दोन दिवसांसाठी पार्ट-टाइम भाड्याने आणली. गाडी चांगली दणकट दिसते. "आई, टायर प्रेशर?" म्हटलं, निम्मं काढ. वाळूत टायर पसरला की गाडी तरंगते. "शुअर?" म्हटलं, डोळे झाकून.

अनंत काहीतरी म्हणत होता, मी मिक्सर लावला.

३० नोव्हें.
गाडी वळणावर वळलीच नाही. सरळ खड्ड्यात. के. ठीक आहे, खांद्याला पट्ट्याचा वळ, बाकी काही नाही. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने काढली. त्याने टायर बघून विचारलं, हवा कुणी काढली?

"आई, स्नो इज नॉट सँड." एवढंच. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

माझा धीरच सुटला. म्हटलं, खड्ड्यात गेले ते कागद, तू परत ये.
ती म्हणाली, "कम बॅक व्हेअर, आई?"

म्हणजे अनंतने नोकरीचं सांगितलंय. मी वळून बघितलं तर हा पाठ करून चहा गाळतोय. कुठे ये म्हणून सांगणार होते मी तिला?

११ डिसें.
के.ने गाडी घेतली. फुल-टाइम. चारही चाकं कायम, कुठल्या चाकाला किती जोर ते गाडीच ठरवते. बर्फाचे वेगळे टायर. सगळं बापलेकीने ठरवलं, रोज फोनवर बोलत होते म्हणे. मला फोटो आला तेव्हा कळलं.

अवाढव्य आहे. त्यात आमची के. चमच्याएवढी दिसते.
"व्हेरी नाइस" म्हणून पाठवलं. लेकीला इंग्लिशमध्ये उत्तर दिलं मी. लाज वाटली, मग रडू आलं. चांगलं भरभरून रडले.

२७ डिसें.
ग्रुप लहबाबला गेला, मी नाही. देशमुख वहिनी म्हणाल्या, तुझ्याशिवाय पुढे कोण? म्हटलं, लिव्हर नसलेली गाडी घालवा पुढे, तिला सगळं कळतं.

रोल्ला भागातला एक गॅरेजवाला म्हातारीला बघून गेला. बोनेट उघडलं, लिव्हर मागेपुढे केला, म्हणाला, "मॅडम, ये पुराना सिस्टम है, अब कौन लेता है." तरी घेणार आहे. फेब्रुवारीत. आता परत पुण्याला जायचं, तिथे नेऊन तरी काय करणार, सोसायटीच्या पार्किंगमधे फोर-हायला टाकणार?

अनंत हल्ली माझ्याशी जपून बोलतो. त्याचाच जास्त राग येतो. त्याने एकदा तोंडावर म्हणावं, मी सांगत होतो.

६ जाने.
ठरवलंय, के.ला गाडीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. "जेवलीस का" आणि "थंडी किती", बस. तीही तेवढंच उत्तर देते. फाइन. मायनस ट्वेंटी. फाइन.

१४ जाने., संक्रांत
संध्याकाळी के.चा फोन. तिची सकाळ. वाऱ्याने हायवेवर बर्फाचे ढीग घातलेत, एकात गाडी रुतली. मदतवाल्यांना कळवलंय, गाडीतच थांब म्हणालेत. वारा इतका की पुढचं दिसत नाही.
"बाबा?"
म्हटलं, तिळगूळ घेऊन देशमुखांकडे गेलाय, फोन घरीच विसरलाय.
"मग तू सांग ना. वाळूत सांगायचीस तसं."

नाही म्हणायला हवं होतं. पण आवाज कापत होता पोरीचा. आणि तिने मला विचारलं होतं.

म्हटलं, ॲक्सिलरेटर सोड. चाकं फिरवलीस की आणखी खाली जाईल. स्टिअरिंग सरळ. खाली उतरू नकोस, नुसती बसून राहा. इंजिन चालू ठेव, हीटर लाव. काचा बंद.
"येस, कॅप्टन." हसली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा हसली. मग फोन तुटला, तिथे रेंज अशीच येते-जाते.

मी इतकी खूश की दोन वड्या जास्त खाल्ल्या. अनंत आला तर दारातच सगळं सांगितलं, मला विचारलं तिने, मला.
त्याने चपलासुद्धा काढल्या नाहीत. "पाइप मोकळा केलाय का, विचारलंस?"

वाळूत असला प्रश्नच येत नाही. वाळूत रुतलं की गाडी बंद करून आपण खाली उतरतो, चहा पितो.

अनंत सारखा फोन लावतोय. लागत नाही. तिच्या दवाखान्यात लागला, ते म्हणतात माणसं निघालीत, पण रस्ता दिसत नाहीये. मेसेज टाकलेत, एकही पोचलेला दिसत नाही. मी लिहितेय कारण हाताला काहीतरी पाहिजे.

इतर मुलींसारखी उलट बोलणारी असती तर. ही ऐकते. उतरू नकोस म्हटलं की उतरायची नाही. इंजिन चालू ठेव म्हणाले, हीटर लाव म्हणाले.
काचा बंद, हेही मीच म्हणाले.