लाल पायघड्या

पिंपरी, फाल्गुन शुद्ध पंचमी

ती. सौ. अक्कास धाकट्या वत्सलेचा वाकून नमस्कार.

देवाच्या कृपेने आम्ही खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे? कारखान्यातून सुटल्यावर हे पुण्याला बी.ए.च्या वर्गाला जातात. दमतात, पण तब्येत चांगली आहे.

वर्गात ह्यांच्याबरोबर शिकणाऱ्या मालिनी दांडेकर म्हणून एक बाई आहेत. त्यांच्याबरोबर इंग्रजी कविता वाचून येतात आणि मला सांगतात, पक्षी म्हणजे पक्षी नव्हे, वारा म्हणजे वारा नव्हे, सारी प्रतीके. मी म्हटले, "मग दांडेकरबाई म्हणजे तरी बाईच कशावरून?" हे हसले नाहीत.

परवा दारासमोर माझे जुने लाल लुगडे अंथरून त्यावर कुरडया घातल्या होत्या. कारखान्यातली पाळी संपवून हे आले ते तिथेच थबकले. म्हणाले, "ग्रीक नाटकात राणी परतलेल्या राजाला अशाच लाल पायघड्या घालते. ते रक्ताचे प्रतीक. संध्याकाळी दांडेकरबाईंना सांगायलाच हवे."

अक्का, लुगडे माझे, कुरडया माझ्या, आणि सांगायचे त्यांना.

मी विचारले, "पुढे राजाचे काय होते?"

"राणी त्याला न्हाणीत मारते."

"बरे. पाणी काढले आहे, या अंघोळीला."

हे लुगड्याला वळसा घालून आत आले आणि हसत म्हणाले, "हे मात्र त्यांना नाही सांगत."

मी देवापुढे चिमूटभर साखर ठेवली.

माझी मॅट्रिकची इंग्रजी डिक्शनरी माळ्यावर असेल. कोणी इकडे येणार असेल तर त्याच्याबरोबर पाठव, टपालाला खर्च नको. पण लवकर पाठव.

तुझी,
वत्सला