चपला गाडीत राहिल्या

दारव्हा, मोतीबाग
सोमवार, १० एप्रिल २००६

आयु. सत्यभामा हिला भीमराजचा सप्रेम जय भीम.

मी इथे ठीक आहे. तू, पायल, रोशनराव आणि बाळ सगळे खुशाल असाल. इथे ऊन चांगलंच तापलं आहे. नवा माठ आणला, पण पाणी काही गार होईना. तू माठाला ओलं फडकं गुंडाळायचीस हे मला दुसऱ्या आठवड्यात आठवलं. शेळी माझ्या हातचा चारा खाते आणि दुधाच्या वेळी लाथ मारते. शेजारच्या धुरपताबाई दोनदा भाजी देऊन गेल्या. त्यांच्याशी मी बोललो नाही. म्हणजे "ठेवा तिथं" एवढंच बोललो.

आता हा माणूस पत्र कायले लिहितो, असं तुला वाटेल. फोन केला की तू "घ्या, रोशनसंग बोला" म्हणून फोन जावयाच्या हाती देतेस. मग ते आणि मी उन्हाबद्दल बोलतो. आतापर्यंत तीनदा बोललो. जिनिंग यंदा लवकर बंद पडलं, हेही दोनदा बोलून झालं. आता आमच्याजवळ विषय उरला नाही. हे पत्र तरी त्यांच्या हाती देऊ नको.

आधी कामाचं लिहितो. आपण दोघांनी फिरायला जायचं आहे. शनिवारी, ६ मे रोजी निघायचं. सकाळी आपल्या छोट्या गाडीने, शकुंतलेने, मूर्तिजापूर. तिथून मोठ्या गाडीने भुसावळ, तिथे गाडी बदलून भोपाळ. भोपाळला मोठा तलाव आहे. तिथून पॅसेंजरने सांची. स्तूप टेकडीवर आहे, पण तुझ्या गुडघ्याची काळजी करू नको, बसत बसत चढू. मग दिल्ली, दोन दिवस. मग कालका, आणि तिथून डोंगरातल्या गाडीने शिमला. तुझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेली कॅलेंडरची चित्रं आहेत ना, बर्फाचा डोंगर, नावेचं तळं आणि दिव्यांचं शहर, ती तिन्ही यात बसवली आहेत. नाव मिळते का ते तिथे गेल्यावर विचारू.

आणि एक गंमत ऐक. शिमल्याच्या त्या गाडीचे रूळ अडीच फुटांचे आहेत, अगदी आपल्या शकुंतलेएवढे. तिच्यात बसलो की माझा जीव थाऱ्यावर येईल. तिच्याआधीच्या मोठ्या गाड्यांचंच काय ते.

काल शकुंतलेचा गुलाबसिंग ड्रायव्हर भेटला. बेत ऐकून म्हणाला, "भीमराज, लोकं कापसाच्या पायी जीव देऊन राह्यले अन् तू थंड हवेले चालला?" त्याचं खोटं नाही. पण घरी येताना आठवलं, हेच वाक्य दर उन्हाळ्यात मी तुला ऐकवत आलो. "यंदा कापसाले भाव नाही, लोकं काय म्हणतीन." तू एकदा म्हणालीस, "आपल्या घरी कापसाचं एक बोंड नाही, अन् तुमी भाव पाहून राह्यले!" दुसऱ्याच्या दुःखाआड लपणं बरं नव्हे, हे मला रिटायर झाल्यावर कळलं.

तर आता पासाचं. धुरपताबाईंनी तुला त्यांच्या घरचा रेल्वेचा फुकट प्रवासाचा पास दाखवला आणि सांगितलं, "तुह्या घरच्याले तं दरसाली भेटत होता." त्या खरं बोलल्या. एकाहत्तर साली तुझ्या मामाकडे कल्याणला जाताना माझी गाडी चुकली होती. परत आल्यावर मी तुला सांगितलं की त्या चुकीपायी साहेबाने माझा पास कायमचा बंद केला. कोणी काही बंद केलं नव्हतं. साहेबाला तर त्याचा पत्ताही नव्हता. पास दरसाल मिळायचा, मीच मागितला नाही.

तू मात्र ते मनाला लावून घेतलंस. "माह्या मामाकडे जायच्या हट्टापायी ह्यायचा पास गेला," असं तू पायलच्या लग्नातसुद्धा बायांना सांगत होतीस. मी तिथेच तोरण सरळ करत होतो. तोरण सरळच होतं. तू रागावून दिग्रसला गेलीस ते बरोबर केलंस. बाळंतिणीची मदत हे लोकांना सांगायला ठीक आहे.

आता का मागितला नाही, ते लिहायचं आहे. इथवर लिहून दोनदा कागद फाडला.

तुला सांगितलं होतं की चहा घ्यायला उतरलो आणि गाडी सुटली. तेही खोटं. तिथे चहा नव्हता. स्टेशनच नव्हतं. घोटीच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबली होती, सकाळचे नऊ वाजले असतील. मी खिडकीला डोकं टेकून पेंगत होतो. गाडी हळू झाली, बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, आणि माझे पाय उठले. डोकं झोपेतच होतं. शकुंतलेवर मी दिवसातून वीस वेळा तेच करायचो. आपल्या लाइनीवर फाटकाला माणूस नसे, गाडीबरोबर मीच असे. गाडी थांबली की उतरायचं, फाटक लावायचं, गाडी पलीकडे जाऊन थांबली की फाटक उघडायचं आणि धावत शेवटच्या डब्यात चढायचं. मी चढल्याशिवाय गाडी हलतच नसे.

तसाच उतरलो. अनवाणी. फाटकापाशी गेलो तर फाटक लागलेलं, आणि एक खाकीतला माणूस हिरवी झेंडी घेऊन उभा. तो म्हणाला, "कोण पाहिजे?" मी म्हणालो, "फाटक लावाले आलो." तो म्हणाला, "लावलेलं दिसत नाही का?" तेवढ्यात गाडी हलली. आणि सत्यभामा, मी पळालो नाही. गाडी फाटक ओलांडून थांबेल म्हणून हात वर करून उभा राहिलो. शेवटचा डबा गेला, धूळ बसली, तरी माझा हात वरच. नवी नवरी गाडीत आणि नवरा परक्या फाटकावर. त्या माणसाने मला पाणी दिलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

मग खडीवरून चालत घोटी गाठली आणि मागच्या गाडीने कल्याणला आलो. पाच तास झाले होते. तू फलाटावर ट्रंकेवर बसली होतीस, मांडीवर माझ्या चपला. मला पाहून तू जी रडलीस, ते रडणं मला आजही ऐकू येतं. तेव्हाच ठरवलं की हिला पुन्हा मोठ्या गाडीत बसवायचं नाही. माझ्या पायांचा भरवसा नाही. आणि हे तुला सांगायची लाज वाटली. रेल्वेचा माणूस, आणि रेल्वेत बसता येत नाही!

या वेळी बंदोबस्त केला आहे. खिडकीत मीच बसेन, म्हणजे उतरायचं झालं तर तुला ओलांडून जावं लागेल. शिवाय उपरण्याने एक पाय बाकाला बांधून ठेवीन. हसू नको.

शनिवारी, पंधरा तारखेला, मी आरक्षणाला मूर्तिजापूरला जाणार आहे. फॉर्मवर तुझं वय लिहावं लागतं आणि मला ते ठाऊक नाही. पस्तीस वर्षांत तेही विचारलं नाही. त्याआधी वय कळव. वय आलं तर तू येतेस असं समजेन. नाही आलं तर फॉर्म कोराच परत आणीन आणि पुन्हा कधी विचारणार नाही. पण वाट मात्र पाहीन.

बाळाच्या पायांना माझ्याकडून हात लाव. त्याचे पाय माझ्यावर न जावोत.

तुझा,
खोटं बोललेला, पण तुला सोडून न गेलेला
भीमराज


दिग्रस
गुरुवार, १३ एप्रिल २००६

पायलच्या बाबांस सत्यभामाचा सविनय जय भीम.

पत्र काल पोचलं. रोशन उद्या जयंतीला दारव्ह्याला येणार आहे, त्याच्या हाती हे देते. पाकीट चिकटवलं आहे. शेळीशी बोलत बोलत दूध काढा, मुक्यानं गेलं की ती लाथ मारते. धुरपताबाईंना नीट बोला, त्यांचा काही गुन्हा नाही.

पासाचा राग गेलेला नाही. मी पस्तीस वर्षं स्वतःला आणि मामाला दोष दिला, तो बिचारा वारलासुद्धा. हा राग शिमल्यापर्यंत पुरेल. तिथे थंडी असते, कामी येईल.

फाटकाचं वाचून मात्र इतकी हसले की बाळ उठलं. पायल म्हणाली, "आई, बाबानं असं काय लिवलं वं?" मी सांगितलं नाही. त्या हात वर केलेल्या माणसाचं मला मग रडूही आलं.

तुम्ही एक सांगितलं, आता मी एक सांगते. तुम्ही उतरलात आणि खिडकी मोकळी झाली. गाडी सुटली तेव्हा मी ओरडले, हे खरं. पण समोर मालेगावची एक बाई होती. तिने माझ्या हातावर भाकर ठेवली आणि म्हणाली, "येतील गं मागच्या गाडीनं, रेल्वेचाच माणूस आहे ना." मग मी खिडकीत सरकले. आणि घाट आला.

आपल्याकडे डोंगर लांब दिसतो. तिथे तो हाताला लागत होता. बोगद्यात शिरलं की पोरं ओरडत, बाहेर आलं की कड्यावरून पाणी पडताना दिसे. एका बोगद्यातून बाहेर आले तर खाली तळं, केवढं मोठं! मी तुमच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते आणि मला तुमची आठवण नव्हती. लिहायला लाज वाटते, पण नव्हती. अठरा वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा एकटी बसले होते आणि मला कोणी काही विचारत नव्हतं. कॅलेंडरच्या चित्रांत मी तेच तळं शोधत होते.

कल्याणला तुम्ही आलात आणि मी रडले. भीतीनं नव्हे. एक तर तुमचे पाय पाहिले, खडीनं सोलून निघालेले. आणि दुसरं, मला कळलं की परतताना खिडकीत तुम्ही बसणार. दोन्ही खरं आहे. त्यातलं कोणतं जास्त, ते मला अजून ठरवता आलं नाही. तुम्ही इतके खजील झाला होतात की हे सांगायची हिंमत झाली नाही. मग तसंच राहून गेलं.

वय त्रेपन्न लिहा.

खिडकी माझी. पाय बांधायचा नाही, बांधलेल्या माणसाला घेऊन मी गावोगाव फिरत नसते. फाटक दिसलं आणि उतरावंसं वाटलं, तर उतरा. गाडी सुटली तर तिच्यामागे धावू नका. मी पुढच्या स्टेशनावर ट्रंकेवर बसलेली असेन. या वेळी रडणार नाही. चपला माझ्याजवळ असतील.

तुमची
सत्यभामा