प्रार्थना केलेलं तेल

प्रिय आई,

प्रभूमध्ये सलाम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

तुझ्या गुडघ्यांना त्या सीबीडी तेलानं आराम पडला, हे ऐकून बरं वाटलं. गांजाच्या झाडाचं तेल घेणं पाप आहे का, असं तू पाळकसाहेबांना विचारलंस. नशा येत नाही, मग पाप कसलं, असं ते म्हणाले आणि वर बाटलीवर हात ठेवून प्रार्थनाही केली. झालं! तेव्हापासून तू बिनघोर दुप्पट थेंब घेतेस.

अगं, पण तुझ्या रक्त पातळ करायच्या गोळीचं कुणी विचारलं का? आमच्या दवाखान्यातला औषधवाला म्हणाला, या तेलानं त्या गोळीचा जोर वाढतो. दात घासताना रक्त येतं, हे तू हसत हसत सांगितलंस.

तेल थांबव, गोळी मात्र सोडू नकोस, आणि हे वाचलंस की लगेच डॉक्टरांकडे जा. माझं ऐकायचं नसेल तर हे पत्र पाळकसाहेबांना दाखव.

फोनवर सांगायला गेले की तू म्हणतेस, “प्रार्थना झालीय, काळजी करू नकोस.” इतक्या लांबून मी प्रार्थनेशिवाय काय करणार, आई? आणि तीही तू आधीच उरकून बसलीस.

तुझीच,
लांबची लेक