रहीमभाईंच्या पत्रावरची लाल रेघ

ता. २ डिसेंबर १९३४
संध्याकाळी नेमासा शेठच्या अडतीवर. शेठनं मुंबईच्या पेढीला जाणारं इंग्रजी पत्र पुढं केलं. "मास्तर, नजर टाका जरा." पत्र त्यांच्या कारकुनाचं, रहीमभाईंचं. दुसऱ्याच ओळीत 'अ‍ॅडव्हायसेस'! खिशातली लाल पेन्सिल काढली अन् ओढली रेघ. म्हटलं, शेठ, अ‍ॅडव्हाइस म्हणजे सल्ला. त्याला अनेकवचन नाही. सल्ला देतात, घेतात, मानतात, मोजत नाहीत. मोजायचाच असेल तर 'अ पीस ऑफ'. आमची इंग्रजी दुसरीतली पोरंही सांगतील. दलाल, हमाल, सगळे हसले. मग मी तो शब्द आणखी दोनदा म्हणून दाखवला, शेळी ओरडते तसा. पुन्हा हसले. रहीमभाई खाली मान घालून टाक पुसत बसले होते.
दिवस छान गेला.

ता. ५
अक्काच्या मनूला शेठचं बोलावणं! मॅट्रिक होऊन दोन वर्षं आमच्या ओसरीवर लोळतोय. उद्यापासून इंग्रजी पत्रं तो लिहिणार. र.भाईंना कापूस तोलायला केनवडच्या बाजारात धाडलं. सौ. म्हणाली, "चला, तुमच्या विद्येचा घरच्याले उपेग झाला म्हना एकदाचा." अक्काला लगेच कार्ड टाकलं.
र.भाईंचं थोडं वाईट वाटलं. पण भाषा म्हणजे भाषा.

ता. ९
मनू दुकानातून तीन पत्रं घेऊन आला. "मामा, पाहा न. मुंबईवाल्याइच्या पत्रात बी तेच हाय." छापील मथळा, खाली साहेबाची सही, आणि तिन्हींत 'अ‍ॅडव्हायसेस'. म्हटलं, पेढीवाल्यांचं इंग्रजी ते, त्यांचं काय घेऊन बसलास? उद्या शाळेतल्या कोशातच पाहतो.
पण जेवण गेलं नाही.

ता. १०
मधल्या सुटीत हेडमास्तरांच्या कपाटातला मोठा कोश काढला. सल्ला वगैरे सगळं वर आहेच. खाली बारीक टाइपात: व्यापारात, परगावाहून आलेली खबर, मालाची सूचना. या अर्थी बहुधा अनेकवचनी.
बहुधा अनेकवचनी! वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. सल्ला देतात-घेतात एवढंच शिकवलं. खबर येते, पोचते, तिला उत्तर जातं, हे त्या माणसाला ठाऊक आणि मला नाही. जन्मात एक व्यापारी पत्र लिहिलं नाही, पण लाल पेन्सिल घेऊन उभा! कोश मिटला. मागं कोणी नव्हतं, तरी वळून पाहिलं.
घरी मनूनं विचारलं, कोशात काय निघालं? म्हटलं, वेळ झाला नाही. आणि हे बघ, दुकानात याची वाच्यता नको. "हाव," म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही.
थू माझ्या जिंदगानीवर.

ता. १३
शेठला सांगायचंच म्हणून निघालो. शेठ सहकुटुंब शिरपूरला, देवदर्शनाला. बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.
पानाच्या ठेल्यावर एक दलाल भेटला. लोक आता र.भाईंना 'अ‍ॅडव्हायसेस मियाँ' म्हणतात म्हणे. "नाव तं तुमीच ठेवलं मास्तर, लय झ्याक!" मी हसलो. होय, हसलो. इथं तरी खोटं कशाला लिहू.

ता. १६
सकाळी दारात र.भाई. पन्नाशीचा माणूस, दाढीत कापसाचे तंतू, हातात वही.
"मास्तरसाहेब, माही चूक समजून घ्याले आलो."
वहीत दोन पानं भरून वाक्यं. त्यानं मला सल्ला दिला. मी त्याचा सल्ला घेतला. सगळी इंग्रजीत, अक्षर मोत्यासारखं. "मी काई इंग्रजी शाळेत नाई गेलो. आठ वर्सं मुंबईची पत्रं पाहू पाहू शिकलो. पन थे बी चुकतेत वाटते."
आत्ता सांग, आत्ता सांग, असं मनात चाललेलं. आणि तोंडातून निघालं काय? "'फॉलो'पण चालतं. 'आस्क फॉर'पण." त्यांनी लिहून घेतलं. चहा घेतला. जाताना वाकून सलाम केला.
ते गेल्यावर सौ. चुलीपुढून उठून आली. मनूनं तिला सगळं सांगितलेलं. "तो बिचारा तुमाले गुरू मानून राह्यला, अन् तुमी मानू देल्लं? काहो, लाज कशी नाई वाटली वो तुमाले?"
वाटली. पण ती कळवायची कशी?

ता. १८
शाळा सुटल्यावर र.भाईंच्या घरी. बाजेवर बसवलं, पाणी दिलं. एका दमात सांगून टाकलं. कोश, मुंबईची पत्रं, मनूचं तोंड बंद केलं ते, सगळं.
"म्हंजे मी बरोबर होतो?"
"हो."
"शेठले सांगतलं?"
"नाही."
"मंग मले काहून सांगता मास्तरसाहेब? मी माफ केलं म्हन्लं तं तुमाले आज झोप लागन. मले तं परवा केनवडले जा लागते, ते लागतेच."
आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. दारापर्यंत पोचवायला आले. माझ्या जोड्यावरून कोंबडी हाकलली.

ता. १९
र.भाईंकडचं काल सांगितल्यापासून सौ. अबोल. मनू नेहमी न विचारता जातो, आज दारात थांबून विचारलं, "मामा, मी जाऊ काय दुकानात?" काय सांगू? याची खुर्ची जाणार. अक्काला काय लिहू, तुझ्या मुलाची नोकरी मीच लावली आणि मीच घालवली? शेठ म्हणतील, मास्तर, मंग आमाले येवढं हसवलं कायले होतं? खरंच आहे. चारचौघांत बोललो, तर आता चारचौघांतच बोललं पाहिजे. शेठ परतलेत, दलाल दहाला जमतात.
टोपी घातली. मनूला म्हटलं, थांब, मीही येतो.
तो चपला घालून कधीचा अंगणात उभा आहे. मी अजून लिहितोच आहे.