कानामागची पिवळी बट

आये, तू विसरली असशील, पण तुला एक लेक होती. म्हणजे होत्या पाच. पण जिला हाक मारताना तू आधी चौघींची नावं घ्यायचीस, मग म्हशीचं, आणि मग दमून "अगं ए" म्हणायचीस, ती मी. तुला जाऊन चाळीसेक वर्षं झाली, आता तर म्हशीचंच नाव लक्षात राहिलं असेल. असो. मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे, तूच शाळेत घातलं नाहीस. म्हणून मी सांगतेय आणि तुझी पणती, माझ्या लेकाची लेक, लिहून घेतेय. झालंय असं की मी एक शब्द खोटा बोलले आणि त्या शब्दावर एका पोरीला नोकरी लागली. उद्या धायरीची, म्हणजे तुझ्याच गावची, एक नवरी त्या पोरीच्या हाती डोकं देणार आहे. त्याच्या आत तोंड उघडायचं की गप्प राहायचं, हे मला आठ दिवस उमगत नाही. कोणती पोर ते पुढे येईल. लिहिणारीने मान वर करू नये, मुकाट लिहावं.

ही लिहिणारी बिबवेवाडीत एका पार्लरात शिकत होती. पार्लर म्हणजे तुला कसं सांगू? तू आम्हाला न्हायला घातल्यावर घमेल्यात चार निखारे ठेवायचीस, वर धूप टाकून टोपली उपडी घालायचीस आणि आमचे केस तिच्यावर पसरायचीस. तसंच, फक्त निखारे विजेच्या नळीत आणि धूप बाटलीत. सहा महिने हिने नुसती लोकांची डोकी धुतली आणि जमिनीवरचे केस झाडले. मग तिच्या मॅडम म्हणाल्या, आता एक अख्खं डोकं एकटीने करून दाखव, जमलं तर खुर्ची तुझी. डोकं घरून आण. आमच्या घरात डोकी चार. तिच्या आईला वेळ नाही, बापाला केस नाहीत, हिचं स्वतःचं हिला करता येत नाही. उरले मी.

"आजी, फक्त बसायचं. बोलायचं नाही."

"किती वेळ?"

"पाऊण तास."

"पाऊण तास न बोलता मी मोतीबिंदूच्या वेळीसुद्धा राहिले नव्हते."

तरी गेले. खुर्ची अशी फिरते की आपण घरातल्या कुणापेक्षा तरी मोठे आहोत असं वाटतं. मॅडम शेजारी उभ्या राहून सांगत होत्या. आधी टॉवेलने पाणी टिप, घासू नकोस. क्लिपा लावून भाग पाड. ड्रायर वीतभर लांब धर आणि हलता ठेव, हवा मुळाकडून टोकाकडे जाऊ दे. ओल्या केसावर कडक हवा एका जागी धरली तर म्हणे केसाच्या आतलं पाणी उकळतं आणि केस आतून फुटतो. मी मनात म्हटलं, केस आहे का कुकरमधला बटाटा? आणि आये, माझं डोकं तिथूनच फिरायला लागलं बघ. गरम हवेने केस खराब होतो, म्हणून आधी एक तेलासारखं सिरम लावायचं. मग तीच गरम हवा द्यायची. मग ती दिली म्हणून शेवटी थंड हवा द्यायची. इतकं असेल तर गच्चीवर उन्हात का बसू नये? हे मी विचारणार होते, पण हिने आरशातून असे डोळे वटारले की मला तूच दिसलीस.

मग मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या. गेल्या त्या गेल्या. हिचे हात घाईला आले. उजव्या कानामागची बट गोल ब्रशावर गुंडाळली, ब्रश अडकला, आणि ही एका हाताने ब्रश सोडवतेय, दुसऱ्या हातातला ड्रायर तिथेच, तस्सा. कानाची पाळी पोळली. आणि वास आला. जत्रेत बकऱ्याची मुंडी भाजताना येतो ना, तोच. त्याला दुसरं नाव नाही. मॅडम आत आल्या, दारातच नाक वर केलं आणि मला विचारलं, "आजी, चटका बसला का?" मी आरशात बघत म्हणाले, "नाही हो. मला काय होतंय!" त्यांनी केस पुढून पाहिले, मागून पाहिले, हिच्या पाठीवर थाप मारली. खुर्ची मिळाली. घरी पेढे आले.

तिसऱ्या दिवशी बट पिवळी पडली. पांढरा केस भाजला की पिवळा होतो, हे या वयात कळलं. सून म्हणाली, "आई, हळदीचा हात लागला वाटतं." मी म्हटलं, हो, भाजी फोडणीला टाकत होते. कित्येक वर्षांत मला कुणी फोडणीजवळ जाऊ दिलेलं नाही. आता कंगव्यात बोटाच्या पेराएवढे तुकडे येतात, ते मी पदरात धरते आणि खिडकीतून सोडते.

इथे लिहिणारीचा पेन थांबला आहे.

लिही म्हटलं ना. बरं, नको लिहूस, आधी बोल. आणि जे बोलशील तेही त्यात घाल, तिकडे म्हातारीला एकटीला करमत नसेल.

"आजी, मला वास आला होता," ही म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू नाही म्हणालीस ना! मला वाटलं मलाच भास झाला. त्या दिवसापासून ड्रायर कुठे धरायचा तेच समजत नाहीये मला. लांब धरते, केस ओलेच राहतात. जवळ नेते, लगेच मागे घेते. परवा एका बाईला मी तीनदा विचारलं, गरम लागतंय का, गरम लागतंय का. ती म्हणाली, तू शिकाऊ आहेस का गं?"

मी म्हटलं, "माझी आई आमच्या केसांखाली स्वतःचा तळहात ठेवायची. हाताला सोसेल तेवढंच केसाला."

"एका हातात ब्रश, एका हातात ड्रायर. तिसरा कुठून आणू?"

मला वाटलं होतं, मी तिला खुर्ची दिली. मी तिचं नाक काढून घेतलं होतं. हे असं कसं झालं ते तूच सांग, कारण हे मी तुझ्याकडूनच शिकले. आठवतं का? नसेलच. मी चौदाएक वर्षांची होते. गावात जत्रा होती आणि धुपाचे निखारे फुलेपर्यंत मला धीर नव्हता. ओले केस सोडून सरळ चुलीपुढे बसले. हातभर केस करपले. तू मारलं नाहीस, त्याचंच मला जास्त भय वाटलं. कात्री घेतलीस, सगळं कापलंस, केरात टाकलंस. महिन्याभरात बिबवेवाडीची माणसं मला बघायला आली, तेव्हा तू बाजारातून गंगावन आणलंस आणि ते उसने केस माझ्या वेणीत असे गुंफलेस की मलाच ती वेणी माझी वाटली. सासूबाईंनी वेणीला हात लावलाच. वर माझे, खाली उसने, त्यांना लगेच कळलं. तू डोळ्याची पापणी न हलवता म्हणालीस, "तापात गेलं केस. येत्याल की."

लग्नानंतर वर्षभर सासूबाईंनी मला तापातून उठलेल्या पोरीसारखं जपलं. गार पाण्यात हात घालू दिला नाही. त्यांनी विचारलं की मी तापाचं सांगायची, शेजारणींनी विचारलं की मी तापाचं सांगायची. इतकं सांगितलं की आता मला तो ताप आठवतो. गोधडी आठवते, कडू काढा आठवतो, तुझा हात कपाळावर आठवतो. आये, खरंच आला होता का गं ताप? आणि तू खोटं बोललीस ते माझ्यासाठी, की पाहुण्यांपुढे तुझी मान खाली जाऊ नये म्हणून? तू होतीस तोवर हे विचारायचं सुचलं नाही. आता विचारतेय तर तू नाहीस.

ही उठून गॅलरीत गेली आणि तिने मॅडमना फोन लावला. मला अर्धंच ऐकू आलं. "मॅडम, ट्रायलच्या दिवशी आजीचे केस जळले होते... हो... नाही, आजी खोटं बोलली... हो, मीपण." मग बराच वेळ नुसतं "हो". आत आली तेव्हा नाक लाल होतं. नवरीचं मॅडम स्वतः करणार. ही गजरे माळायला शेजारी उभी राहणार. खुर्चीचं काय ते नंतर ठरेल, आणि मला घेऊन ये म्हणाल्या, जळलेलं कापून टाकते. मी तोंड उघडून बरं केलं की वाईट, मला काही समजत नाही. नवरीचे केस वाचले म्हणावं तर पोर रडतेय. पोर सुटली म्हणावं तर खुर्ची गेली असेल. तिने पेन उचलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढे?"

पुढे काही नाही. पाठवायचं तरी कुठे? मला लिहिता येत नाही, तुला वाचता येत नव्हतं. राहू दे हे माझ्या उशाखाली. फक्त एक, जे हिला फोनवर सांगता आलं नाही, कारण हिला माहीतच नव्हतं. मॅडमनी विचारलं तेव्हा मी नातीचा विचार करत नव्हते. मी आरशात बघत होते. केस असे गुळगुळीत, असे चमकत खांद्यावर पडले होते की सासरी आल्यापासून मी स्वतःला तसं कधी पाहिलं नव्हतं. चटका बसला म्हटलं असतं, तर सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं सोडून त्या कानाकडे बघितलं असतं. म्हणून नाही म्हणाले. आये, ही हसतेय गं. रडता रडता हसतेय आणि लिहितेय.

तर आता स्वप्नात येणार असशील तर हात हलवत येऊ नकोस. हुलग्याची शेंगोळी आण, लसूण ठेचून घाल, रस्सा पातळ ठेव, मला दात नाहीत. आणि दोघींपुरती आण. फोन झाल्यापासून पोरीने ताट बाजूला सारलंय.