दिवस होईस्तो नाव नाही

११ ऑगस्ट, पोलादपूर
पान तीन, चार कॉलम, फोटोसह. आदिवासीवाडीचा गोमा नदीत वाहून गेला. साकव नाही, ओंडक्यावरून जात होता. बाकीच्या पेपरांनी वय चुकवलं, एकानं बापाचं नाव. माझं सगळं बरोबर, तिघांना विचारून घेतलेलं. पाठवण्याआधी बातमी सवयीनं मोठ्यानं वाचली, तीनदा. नववी नापास, पण बावीस वर्षांत एक दुरुस्ती छापावी लागलेली नाही.

१३ ऑगस्ट
अंक घेऊन वाडीवर. कोणी बस म्हणालं नाही. त्याची आई, जनीबाय: "गेलेल्याचे दिवस होईस्तो आमी त्याचं नाव घेत नाय. हाक ऐकली का मागं फिरतो तो. तू तर अख्ख्या तालुक्याला हाक मारायला लावलीस रे."
म्हटलं, पेपर वाचतं कोण तुमच्यात? (बोलायला नको होतं.)
"नाक्यावरचा चायवाला वाचतो ना, कोकलून! मी मोळी घेऊन थितंच उभी व्हती." मग हसलीच. "आला तर तुझ्याकडंच येल. पत्त्याला तू पक्का."

१५ ऑगस्ट
स्टँडवर वडापाव पान तीनमध्ये गुंडाळून आला. नावावर तेल. टाकवेना. घडी करून खिशात.
बायको: "कुणाशी बोलताय?" कुणाशीच नाही. ओठ हलत असणार.

१७ ऑगस्ट
जनीबायचा निरोप. साकवाचं लिही, नाव नको. त्याचे दिवस वीसला. पण वरचे साहेब पाहणीला एकोणीसला, त्याच सकाळी छापून आलं तरच वाडीपर्यंत चढतील.
संपादक: "नाव नाही तर बातमी कसली दादा? अफवा!" हे वाक्य नव्या वार्ताहरांना मीच ऐकवत आलोय.

१८ ऑगस्ट
लिहिली. ओंडका टेपनं मोजला, पाण्याची खूण, शाळेला जाणारी मुलं, सगळं आहे. फक्त 'वाडीतला तरुण'. वाचताना जीभ दर वेळी तिथंच थांबते, जणू कोणी पुढचं सांगायला…
तीनला पाठवली. साडेतीनला ऑफिसातून फोन: "नाव राहिलंय. जुन्या बातमीत आहे, टाकून घेतो."
टाकू नका म्हटलं.
"बघतो."
त्यानंतर सात वेळा लावला. उचलत नाहीत.
नाक्यावर जाऊन आलो. चायवाल्याला म्हटलं, उद्याची साकवाची बातमी मनात वाच बाबा.
"मनात? मला मनात वाचता येत नाय भाऊ. बोट ठेवायचं नि बोलायचं, तवाच कळतं."
पेपरांचा गठ्ठा सकाळी सहाच्या गाडीला.